केवलादेवाच्या रानांत

मुंबईहून कोट्याच्या मार्गानें मथुरेस जाणाऱ्या यात्रेकरूंना प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यांत भरतपूर नांवाचें स्टेशन लागतें. बहुतेक मंडळी त्या वेळीं अंथरुणें गुंडाळण्यांत, मुलांचीं पायताणें शोधण्यांत आणि वृंदावनांत उतरावयाचें कोठें याचा खल करण्यांत गुंतलेली असतात. भरतपूर केव्हां आलें आणि केव्हां मागें पडलें याची दाद कोणास नसते. आम्हांस मात्र तेथेंच उतरावयाचें होतें. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यांत सौभाग्यवती व धाकट्या बंधूंचे चिरंजीव अशा दोघांस बरोबर घेऊन आम्ही निघालों होतों. “गुरुजी, मथुरा सोडून तेथें पाहण्यासारखें असें काय आहे?” असा प्रश्न समोरच्या बाकावरील सद्‌गृहस्थांनीं केला, परंतु गाडी तेथें थांबते थोडा वेळ आणि आमचें सामान फार, त्यामुळें त्यांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आतां सावकाश देण्याचें योजिलें आहे.

वस्तुतः मराठी माणसानें भरतपुरास परकें मानावें असें कांहीं नाहीं. १७६१ सालीं पानिपतावर आपल्या फौजेचा जो अनर्थ झाला, त्यानंतर कडाक्याच्या थंडींत उघडीं-वाघडीं, उपाशी, जखमी माणसें दक्षिणेकडे वाट फुटेल तशीं येत होतीं. भाऊसाहेबांशीं मतभेद होऊन सूरजमल जाट आधींच मोहिमेंतून निघून गेला होता. मनांत अढी धरण्यास त्याला पुरेसें कारण होतें. तथापि त्यानें या निराश्रितांस आपल्या राज्यांत आसरा दिला, अन्नवस्त्र पुरविलें आणि पुढें मार्गस्थ केलें. पुढें १८०४ सालाच्या अखेरीस यशवंतराव होळकर इंग्रजांपुढून माघार घेत याच भरतपुरास आले. तेव्हां राजा रणजितसिंहानें त्यांना पाठीशीं घातलें, आणि जनरल लेक यानें चार वेळां निकराचा हल्ला चढवूनही त्या मातीच्या तटापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. अशीं दोन ऋणें ज्या गांवचीं आपल्या माथ्यावर आहेत, त्या गांवीं एक दिवस उतरणें हें यात्रेंत मोडत नाहीं असें कोणीं म्हणावें?

परंतु आम्ही गेलों तें इतिहासासाठीं नव्हे, पक्ष्यांसाठीं. गांवाच्या अगदीं लगत ‘घना’ नांवाचें एक रान आहे. सुमारें २९ चौरस किलोमीटर एवढाच त्याचा विस्तार. मध्यभागीं केवलादेव महादेवाचें एक लहानसें देऊळ असल्यामुळें सरकारदप्तरीं त्यास ‘केवलादेव राष्ट्रीय उद्यान’ असें नांव मिळालें आहे. हें रान सर्वस्वीं निसर्गानें केलेलें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं प्रथम ध्यानीं घ्यावी. भूमि मुळांत बशीसारखी खोलगट; पावसाळ्यांत गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचें पाणी तिच्यांत पसरावयाचें. अठराव्या शतकांत सूरजमलानें अजान बांध नांवाचा मोठा बंधारा घालून त्या पाण्यास शिस्त लावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मोरवीचे राजपुत्र हरभामजी भरतपूरचा कारभार पाहत असतां, या खोलगट भूमींत लहान लहान बांध, पाट आणि दारें करून उथळ तळ्यांची एक मालिकाच सिद्ध करण्यांत आली. विलायतेंत बदकांच्या शिकारीसाठीं राखलेल्या जागा असतात, त्यांच्या धर्तीवर हें काम झालें. म्हणजे हें सरोवर पक्ष्यांसाठीं केलें, पण त्यांस मारण्यासाठीं केलें! ज्या हातांनीं आमंत्रण दिलें, त्याच हातांत बंदूक होती.

पहांटे धुकें इतकें दाट होतें कीं, रिक्षावाल्याची पाठ तेवढी दिसे. त्यानें अंगावर घोंगडी लपेटून घेतली होती. मधूनच थांबून तो कान देई आणि एकाद्या दिशेस बोट करून पक्ष्याचें नांव सांगे. दिसत कांहींच नसे. ऐकूं मात्र सर्व येई. दोन्ही बाजूंच्या पाण्यावरून असा कांहीं कलकलाट उठत होता कीं, शाळेची मधली सुट्टी झाल्यावर पटांगणांत जो आवाज होतो त्याचीच आम्हांस आठवण झाली. मग सूर्य वर आला, धुकें जागच्या जागीं विरलें, आणि पाण्यांत उभ्या असलेल्या बाभळी एकाएकीं दिसूं लागल्या. प्रत्येक बाभळीवर चित्रबलाकांचें गोकुळ वसलेलें. पिवळी चोंच, पंखांवर काळी नक्षी आणि शेपटाकडे गुलालाची चिमूट टाकल्यासारखी गुलाबी छटा. खालीं पाणकावळे पंख पसरून धोतरें वाळत घालावीं तसे उन्हांत उभे होते. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटें टाकीत चालले होते. लव्हाळ्यांतून जांभळ्या पाणकोंबड्या शेपटी झटकीत बाहेर येत होत्या. दूर उघड्या पाण्यावर उत्तरेकडून हिमालय ओलांडून आलेलीं बदकें आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब हंस यांचे थवे विसावले होते. आमच्या पुतण्यानें वहींत नांवें लिहावयास आरंभ केला आणि दोन पानें भरल्यावर पेन्सिल खिशांत घातली. या एवढ्याशा रानांत आजवर साडेतीनशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. त्या सर्वांचा हिशेब एका सकाळीं कसा व्हावा?

पुढें एका बांधाच्या वळणावर सारसांची जोडी दिसली. माणसाएवढा उंच, करड्या रंगाचा, तांबड्या मस्तकाचा हा पक्षी जोडीदाराशीं जन्मभर एकनिष्ठ राहतो अशी लोकांची दृढ श्रद्धा आहे. दोघांनीं माना वर करून एकदम साद घातली, तेव्हां सौभाग्यवतींनीं नकळत हात जोडले. आम्हांस आदिकवीची कथा आठवली. व्याधानें क्रौंचयुगुलांतील एकास मारलें, उरलेलीच्या आक्रंदनानें मुनीचें हृदय द्रवलें, आणि त्या शोकांतून श्लोक जन्मास आला. तो क्रौंच म्हणजे सारसच असें मानणारे विद्वान आहेत. तें मत कसेंही असो. आपल्या काव्याच्या उगमाशींच एक शिकार आहे आणि त्या शिकारीचा निषेध आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

केवलादेवाच्या देवळाजवळ पोंचलों. देवाचें दर्शन घेऊन बाहेर आल्यावर रिक्षावाल्यानें एक दगडी फलक दाखविला. त्यावर ओळीनें लेख कोरलेला आहे: शिकारीचा दिवस, कोणत्या थोर पाहुण्याच्या सन्मानार्थ ती योजिली, बंदुका किती, आणि पक्षी किती पडले. आरंभ १९०२ सालचा. पाहुणे लॉर्ड कर्झन. मग व्हाइसरॉयांमागून व्हाइसरॉय, राजेरजवाडे, सेनापति असे येत राहिले आणि आंकडे वाढत गेले. दिनांक १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत ४,२७३ पक्षी मारले गेले. आम्हीं जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. त्यामुळें हिशेब केल्यावांचून राहवेना. त्या दिवशींचा उजेड दहा-अकरा तासांचा धरला, आणि बंदुकी क्षणभरही थांबल्या नाहींत असें मानलें, तरी दर मिनिटास सहा ते सात पक्षी होतात! एवढें मांस कोणी खाल्लें असेल, असा प्रश्न पुतण्यानें केला. खाण्यासाठीं तें नव्हतेंच, बाळ, एवढेंच आम्ही म्हणालों.

विशेष हें कीं, त्याच्या आधीं अवघीं तीन वर्षें, १९३५ सालीं, वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा विचार करण्यासाठीं दिल्लीस एक अखिल भारतीय परिषद भरली होती; आणि १९३६ सालीं कुमाऊंच्या पायथ्याशीं आपल्या देशांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें होतें. म्हणजे रक्षणाचा विचार लोकांस सुचला नव्हता असें नाहीं. एकीकडे परिषदेंत ठराव होत होते, दुसरीकडे सरोवरावर बार उडत होते, आणि दोन्हींस राज्यकर्त्यांचीच अनुमति होती. सल्ला आणि आचरण यांमधील हें अंतर आपणांस नवें नाहीं. विदुरानें सांगितलें नव्हतें असें काय उरलें होतें? पण ऐकणारा धृतराष्ट्र होता.

याच्या उलट दाखलाही आपल्या वाङ्मयांत आहे. कालिदासाच्या नाटकांत दुष्यंत हरणाच्या मागें रथ घालून येतो. बाण धनुष्यास लावलेला असतो. इतक्यांत एक तपस्वी आडवा येऊन, हा आश्रमाचा मृग आहे, मारूं नकोस, असें सांगतो. राजा तत्काळ बाण उतरवितो. त्या तपस्व्यापाशीं सैन्य नव्हतें, कायदा नव्हता. तो त्या रानांत राहत होता एवढाच काय तो त्याचा अधिकार. पण राजास तो पुरेसा वाटला. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत अभयवनाची व्यवस्था सांगून, तेथील मृगपक्ष्यांस मारणाऱ्याकडून दंड घेण्याचें काम सूनाध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याकडे सोंपविलें आहे; रक्षणीय पक्ष्यांच्या यादींत हंस, क्रौंच आणि चक्रवाक आहेत. अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत शुक, सारिका, हंस, चक्रवाक इत्यादि जीव अवध्य ठरविल्याचें शिळेवर कोरून ठेविलें. शिळा अशोकाचीही आहे आणि शिळा भरतपूरचीही आहे. एकीवर न मारण्याच्या जीवांची यादी आहे, दुसरीवर मारलेल्यांची.

देश स्वतंत्र झाल्यावर हा विषय सरकारनें हातीं घेतला. १९५२ सालीं वन्य जीवांसंबंधीं मध्यवर्ती सरकारास सल्ला देण्याकरितां एक मंडळ नेमण्यांत आलें आणि त्याची पहिली बैठक म्हैसुरास भरली. म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार हे त्याचे अध्यक्ष होते. पुढें तें ‘भारतीय वन्यजीव मंडळ’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. अशा मंडळांत संस्थानिक होते, वनाधिकारी होते, शास्त्रज्ञ होते. आणि कांहीं सभासद तर स्वतःच नामांकित शिकारी होते. याचें कोणी हसूं करूं नये. ज्यानें रानांत वर्षानुवर्षें पायपीट केली आहे, त्यालाच रानांतलें काय कमी झालें तें प्रथम कळतें.

भरतपूरवर तर त्याच सुमारास प्राणांतिक संकट आलें होतें. संस्थान विलीन झालें. आणि राजाच्या चैनीसाठीं अडविलेलें हें पाणी सोडून द्यावें, तळीं आटवून जमीन शेतीस द्यावी, अशी मागणी उठली. मागणी अन्यायाची होती असें आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें? देशांत अन्नाचा तुटवडा होता आणि सरोवराच्या कांठीं भुकेलेलीं गांवें होतीं. परंतु मुंबईचे प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं हा प्रश्न पंडित नेहरूंपर्यंत नेला, आणि सरोवर वांचलें. १९५६ सालीं तें पक्ष्यांसाठीं अभयारण्य ठरलें. तडजोड अशी कीं, महाराजांचा शिकारीचा हक्क तसाच राहिला. तो १९७२ पर्यंत चालू होता. अभयारण्य आणि त्यांत शिकार! पण व्यवहारांत अशीं अर्धीं पाउलें टाकावीं लागतात. पुरें पाऊल टाकण्याचा हट्ट धरला असता तर कदाचित् आज त्या पाण्याच्या जागीं मोहरीचीं शेतें दिसलीं असतीं.

यानंतर कायद्यानें वेग घेतला. १९६९ सालीं निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाचें अधिवेशन दिल्लीस भरलें. १९७० सालीं वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला आणि त्यानें प्रत्येक राज्यांत वन्यजीव सल्लागार मंडळ असावें असें ठरविलें. २००२ सालच्या दुरुस्तीनें मध्यवर्ती मंडळासही कायद्याचें अधिष्ठान मिळालें. त्या दुरुस्तीप्रमाणें राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान आणि राज्य मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. राष्ट्रीय मंडळावर बिनसरकारी संस्थांचे पांच प्रतिनिधि व दहा नामवंत तज्ज्ञ घ्यावे लागतात. राज्य मंडळावरील दहा तज्ज्ञांत अनुसूचित जमातींचे किमान दोन प्रतिनिधि असावेत असें बंधन आहे. कागदावर ही रचना उत्तम आहे यांत शंका नाहीं.

मात्र भरतपूरच्या रानांतून फिरत असतां आमच्या मनांत एक प्रश्न वारंवार उभा राहिला, आणि तो मांडण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे. सल्ला देणारा कोण असावा?

१९८२ सालीं घना राष्ट्रीय उद्यान झाला. उद्यानांत गुरें चारूं नयेत असा नियम; आणि गुरांच्या पायदळीं पक्ष्यांचें नुकसान होतें असें मत तज्ज्ञांत प्रबळ होतें. भोंवतालच्या गांवांच्या म्हशी कैक पिढ्या या पाण्यांत डुंबत आणि तेथील गवतावर जगत आल्या होत्या. भिंत बांधली गेली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत चराईस बंदी झाली. दुसरें कुरण कोठें, हें मात्र कोणीं सांगितलें नाहीं. गांवकरी जमले, पोलिसांशीं चकमक झाली, गोळीबार झाला, आणि कांहीं माणसें प्राणास मुकलीं. ज्या रानांत पक्ष्यांवर बंदूक चालविणें नुकतेंच बंद झालें होतें, त्याच्याच वेशीवर माणसांवर बंदूक चालली.

यापुढील भाग अधिकच विचार करावयास लावणारा आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनीं १९८० पासून दहा वर्षें या सरोवराचा बारकाईनें अभ्यास केला. त्यांतून असें दिसून आलें कीं, म्हशी गेल्यावर पाण्यांतील गवत बेसुमार माजलें, उघडें पाणी आकसलें, आणि ज्या पाणपक्ष्यांच्या हितासाठीं म्हशी हांकलल्या त्यांचीच जागा गेली. म्हशी चरत होत्या म्हणून पाणी मोकळें राहत होतें! हें प्रामाणिकपणें नोंदविणें ही त्या शास्त्रज्ञांची थोरवीच होय. पण आमच्या मनांत आलें, एकाद्या म्हाताऱ्या गुराख्यास मंडळाच्या टेबलाशीं बसवून विचारलें असतें, तर दहा वर्षांचा काळ आणि तीं माणसें वांचलीं नसतीं काय? पुढें गांवकऱ्यांस परवान्यानें गवत कापून नेण्याची सवलत मिळाली. आणि माजलेली विलायती बाभूळ काढण्याचें काम त्यांच्याच हातीं देऊन लांकूड त्यांना नेऊं दिलें, तेव्हां रान आणि गांव या दोहोंचेंही भलें झालें.

देवळाच्या ओट्यावर बसून आम्ही आमच्या रिक्षावाल्याशीं बोललों. वय साठीच्या पुढें. लंगोटीमित्राशीं बोलावें तसें तो पक्ष्यांविषयीं बोले. इंग्रजी नांवेंही त्याच्या जिभेवर. वनखात्यानेंच या लोकांस तें शिक्षण दिलेलें. आम्हीं त्या जुन्या दिवसांविषयीं विचारलें. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “मास्टरजी, आमच्या घरीं सात म्हशी होत्या. त्या वर्षीं वडिलांनीं पांच विकल्या. आतां मी लोकांना बदकें दाखवून पोट भरतों. बदकांवर माझा राग नाहीं. पण कोणीं एकदां घरीं येऊन विचारायला हवें होतें.”

त्याच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. म्हणूनच तें अधिक लागलें. सौभाग्यवतींनीं डब्यांतील दशम्या त्यास दिल्या. त्यानें एक खाल्ली व बाकीच्या नातवंडांसाठीं फडक्यांत बांधून घेतल्या. समोरच्या शिळेवर ४,२७३ पक्ष्यांचा हिशेब होता. त्या शिळेवर १९८२ सालचें एकही नांव नाहीं.

हिवाळ्याच्या त्या दिवसांत एक उणीव मात्र भरून न येणारी होती. सायबेरियांतील ओब नदीच्या खोऱ्यांतून हजारों कोस उडून पांढरेशुभ्र क्रौंच येथें येत असत. त्यांना पाहण्यासाठीं देशोदेशींचे लोक भरतपुरास गर्दी करीत. त्यांची संख्या वर्षानुवर्षें घटत गेली, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यांत शेवटची जोडी दिसली. त्यानंतर ते आले नाहींत. वाटेवरील देशांत झालेली शिकार, आटलेलीं पाणथळें, अशीं त्याचीं कारणें अनेक आहेत. १९८५ सालीं या रानाची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. त्या गौरवांत या क्रौंचांचा मोठा वांटा होता. गौरव राहिला, क्रौंच गेले. आकाशमार्गानें येणाऱ्या पाहुण्याचें रक्षण एका राज्याच्या किंवा एका देशाच्या मंडळानें होत नाहीं, एवढें यावरून शिकावें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही अजान बांध पाहण्यास गेलों. पक्षी पाहावयास येणारे लोक तिकडे सहसा फिरकत नाहींत. पण सरोवराचा जीव तेथें आहे. गंभीर नदीवर वरच्या अंगास, करौलीकडे, पांचना नांवाचें धरण झालें, तेव्हांपासून भरतपुरास येणारें पाणी बेभरंवशाचें झालें. २००४ सालीं तर धरणाखालच्या शेतकऱ्यांनीं पाणी सोडण्यास कडवा विरोध केला, रान कोरडें राहिलें आणि पक्ष्यांनीं पाठ फिरविली. पुढें गोवर्धनच्या बाजूच्या नाल्यांतून नळानें आणि चंबळेच्या योजनेंतून पाणी आणण्याची तजवीज करण्यांत आली. त्यानें प्राण तगले; परंतु जुन्या जाणकारांचें म्हणणें असें कीं, नदीच्या पुराबरोबर मासळीचें बीज येई, गाळ येई, तें नळांतून कसें यावें? पुराचें पाणी म्हणजे सरोवराचें अन्न. नळाचें पाणी म्हणजे आजाऱ्याची पेज.

या धरणाखालचा शेतकरी काय म्हणतो, तेंही ऐकलें पाहिजे. त्याचीही मोहरी सुकते, त्याचींही मुलें आहेत. एका बाजूस सारस, दुसऱ्या बाजूस शेतकरी, आणि मध्यें एक नदी. यांचा निवाडा करणें हें अवघड काम आहे. असल्या निवाड्यासाठींच तर सल्लागार मंडळें असतात. परंतु मंडळ भरलें तर निवाडा करणार! राष्ट्रीय मंडळाची पूर्ण बैठक २०१२ सालीं झाली, आणि त्यानंतरची एकदम मार्च २०२५ मध्यें, गीरच्या सिंहांच्या प्रदेशांत, सासण येथें. मधल्या बारा वर्षांत त्याची स्थायी समिति काम करीत होती हें खरें. तथापि रस्ता, खाण, धरण अशा एकेका प्रकरणास परवानगी द्यावी कीं न द्यावी, याच प्रश्नांनीं समितीचें टेबल बव्हंशीं भरलेलें असतें. घरांतील कर्त्या माणसांनीं बारा वर्षें एकत्र बसून घराचा विचार केला नाहीं आणि नुसतीं येणारीं बिलें निकालांत काढलीं, तर त्या घराची काय स्थिति होईल, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

आमच्या अल्प मतीस वाटतें तें असें. सल्लागार मंडळ हें ठरलेल्या मुदतींत भरलेंच पाहिजे. त्यानें दिलेला सल्ला लोकांस वाचावयास मिळाला पाहिजे. सरकारनें तो डावलला तर कारण लिहून दिलें पाहिजे. आणि ज्या रानाविषयीं सल्ला द्यावयाचा त्या रानाच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसास तेथें बसावयास जागा असली पाहिजे. राज्य मंडळावर जमातींच्या दोन प्रतिनिधींची तरतूद आहे, तो आरंभ चांगला आहे. पण भरतपूरच्या गुराख्यास तिचा लाभ होत नाहीं. दुष्यंतास अडविणारा तपस्वी राजधानींतून आलेला नव्हता, हें आम्हांस येथें पुनः सांगावेंसें वाटतें. शास्त्राचें ज्ञान हवें, आणि त्या जागेचें ज्ञानही हवें. एक डोळा मिटून रस्ता दिसतो खरा, पण खड्डा किती खोल आहे तें कळत नाहीं.

ज्या कुटुंबांस उत्तरेची यात्रा करावयाची असेल, त्यांनीं मथुरेपूर्वीं किंवा मथुरेनंतर एक दिवस भरतपुरास अवश्य द्यावा. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ परदेशी पाहुण्यांचा. पण चित्रबलाकांचीं घरटीं आणि पिलें पाहावयाचीं असतील तर पाऊस संपत येण्याच्या सुमारास जावें. पहांटेची थंडी बाधते. म्हाताऱ्या माणसांनीं कानटोपी व मुलांनीं हातमोजे विसरूं नयेत. दुर्बीण एक असली तरी चालते, मात्र मुलांचे पाळीवरून तंटे होतात. पक्ष्यांस खाऊ घालूं नये, मोठ्यानें हांका मारूं नयेत. आणि केवलादेवापुढें नमस्कार केल्यावर तो शिलालेख मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा. शाळेंतील इतिहासाच्या चार धड्यांचें काम तो एकटा करतो.

अजान बांधावर आम्ही उभे होतों तेव्हां खालच्या शेतांत मोहरी पिवळीधमक फुलली होती, आणि त्या पिवळ्या रंगांतून दोन सारस संथपणें चालले होते. शेतकरी बांधावर विडी ओढीत बसला होता. पक्ष्यांनीं पीक तुडविलें नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “थोडें तुडवितात. पण ज्या शेतांत सारस उतरतो त्या शेतास अपशकुन होत नाहीं, असें आजा सांगत असे.” त्याचा आजा कोणत्याही मंडळाचा सभासद नव्हता.